यूके स्पाऊस व्हिसा: नवऱ्याचा पगार २६,४०० पौंड, अट २९,००० ची, पुण्यातून काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई हिंजवडीत नोकरी करतात. डिसेंबरात पुण्यात लग्न झालं. नवरा ब्रिटिश नागरिक, लेस्टरला नोकरीला, पगार वर्षाला २६,४०० पौंड. वाकडला ताईंच्या एकटीच्या नावावर टू-बीएचके आहे, तो महिना २८,००० रुपये भाड्याने दिलाय. वडील म्हणतात, "पंचवीस लाख मी टाकतो, सीएकडून नेट वर्थचं सर्टिफिकेट काढू." एजंट म्हणतो, "दोन महिने खात्यात पैसे फिरवू, कमिशन द्या, काम होऊन जाईल."

एजंटचं अजिबात ऐकू नका, वडिलांचं अर्धं ऐका. आणि वाकडच्या फ्लॅटबद्दल तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, पण तुमची फाईल बहुधा त्याच्यावरच उभी राहणार आहे.

मी पुण्यात सीए आहे आणि व्हिसाच्या आर्थिक फायली तपासणं हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग. वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवायच्या या अटीकडे आपल्याकडे 'ऐपत दाखवणं' म्हणून बघतात. सोनं, गुंठ्यांमधली जमीन, तीन फ्लॅट, एलआयसी, सगळं एका सर्टिफिकेटवर मांडायचं आणि खाली शिक्का. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला लोक असं नेतात, म्हणून इथेही चालेल असं वाटतं. यूकेच्या स्पाऊस व्हिसाला त्या सर्टिफिकेटचा काडीचा उपयोग नाही. (माझी फी बुडते, पण खरं तेच सांगतो.) तिथला अधिकारी तुम्ही श्रीमंत आहात का ते बघत नाही. नियमात उत्पन्नाचे ठरावीक प्रकार आहेत, प्रत्येकाला ठरावीक महिने आणि ठरावीक कागद आहेत. त्यात बसलं तर मोजणार, नाही तर शून्य. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांतल्या अपेंडिक्स एफएममध्ये अट आहे आणि अपेंडिक्स एफएम-एसईमध्ये पुराव्याचे कागद. दुसरं वाचायला कंटाळवाणं आहे, पण बरेचसे नकार त्यातूनच निघतात.

आधी एक खात्री करा. ही अट नवरा ब्रिटिश नागरिक असेल किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असेल तेव्हाची. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर असता, तर तुम्ही डिपेंडंट म्हणून गेला असता आणि हा २९,००० चा आकडा लागूच झाला नसता; तिथे जोडीदारासाठी २८ दिवस २८५ पौंड खात्यात दाखवणं किंवा कंपनीने हमी देणं एवढंच असतं. मैत्रिणीचं पटकन झालं आणि माझं का अडकतंय, असं विचारणाऱ्या निम्म्या जणींना हेच उत्तर असतं. मैत्रिणीचा नवरा वर्क व्हिसावर आहे.

आता आकडे. जुलै २०१२ पासून ही मर्यादा १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. आधीच्या सरकारने ती आणखी वर न्यायची घोषणा केली होती, ती पुढे थांबवली गेली. मुलं असली तर पूर्वी जास्तीची रक्कम लागायची, नव्या नियमात ती लागत नाही. २९,००० हे एकूण उत्पन्न आहे, कर कापण्याआधीचं. आणि तुम्ही भारतात असताना अर्ज करताय, तेव्हा तुमचा हिंजवडीचा पगार, कितीही असो, यात धरत नाहीत. नोकरीचं उत्पन्न फक्त नवऱ्याचं. पण बिगर-नोकरीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, डिव्हिडंड, व्याज, हे मात्र तुमच्या दोघांचंही चालतं. भारतातल्या मालमत्तेचं भाडंसुद्धा.

तुमची तूट २,६०० पौंडांची. हिशोबापुरता पौंड ११५ रुपये धरू. वर्षाचं भाडं ३,३६,००० रुपये, म्हणजे सुमारे २,९२१ पौंड. नवऱ्याचे २६,४०० मिळवले की २९,३२१. अट पुरी.

पण भाड्याचा हिशोब करारातल्या आकड्यावर होत नाही, अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष जे हातात आलं त्यावर होतो. मध्ये भाडेकरू बदलला आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला, तर ३,०८,००० च येतात. ११५ च्या दराने तेव्हाही २९,०७८ होतात, काठावर का होईना. त्याच वेळी रुपया घसरून पौंड १२० ला गेला, तर २८,९६६ होतात आणि ३४ पौंडांनी तुम्ही बाहेर. ब्रिटनचं गृहखातं चलनाचा दर अर्जाच्या तारखेचा धरतं, ओआंडा या संकेतस्थळावरचा. तेव्हा फी भरायच्या दिवशी सकाळी हिशोब पुन्हा एकदा मांडायचा.

भाड्याचे कागद पुण्यात कुठे अडतात ते सांगतो. भाडं तुमच्या खात्यात यायला हवं. "भाडेकरू बाबांच्या जीपेवर पाठवतो, बाबा मला देतात" हे चालणार नाही. आजपासून बदला, पण मग बारा महिने आजपासून मोजायचे. डिपॉझिट भाड्यात मिसळू नका. ते परत द्यायचं असतं, उत्पन्न नव्हे. स्टेटमेंटवर दर महिन्याची नोंद ओळखू यावी, रोख भाडं तर विसराच. लिव्ह अँड लायसन्स आपल्याकडे अकरा महिन्यांचं असतं, त्यामुळे बारा महिने झाकायला बहुतेक वेळा दोन करार लागतात. दोन्ही नोंदणी केलेले हवेत आणि मध्ये भोक नको. मालकीसाठी खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) जोडा, कर्ज असेल तर बँकेचं गृहकर्जाचं स्टेटमेंट.

इंडेक्स टू मराठीत असतो हे लोक विसरतात. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून टाईप करून आणलेलं भाषांतर फाईलमध्ये दिसलं की मी ते काढून ठेवतो.

आणखी एक पुणेरी सवय. फ्लॅट घेताना पहिलं नाव आईचं किंवा वडिलांचं, दुसरं मुलीचं. तुम्ही 'एकटीच्या नावावर' लिहिलंय, तरी इंडेक्स टू उघडून बघा. तिसऱ्या माणसाबरोबर सामाईक मालकी असेल, तर तुमच्या हिश्शाचंच भाडं धरलं जातं. निम्मा हिस्सा म्हणजे १,४६० पौंड, आणि मग गणित कोसळतं. फ्लॅट तुमचं स्वतःचं राहतं घरही असता कामा नये. तुम्ही तिथे राहता आणि एका खोलीत पेइंग गेस्ट ठेवलीय, असं असेल तर ते चालणार नाही.

आता नवऱ्याच्या पगाराकडे येऊ, कारण भाड्याचं सगळं जुळूनही इथे पाणी मुरतं. एकाच कंपनीत सहा महिने झाले असतील तर तो कॅटेगरी ए मध्ये बसतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या पे-स्लिप, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागतं. पत्रात नोकरी करत असल्याचं, किती काळापासून, वार्षिक एकूण पगार किती, तो पगार किती दिवसांपासून मिळतोय आणि नोकरी कायम आहे, मुदतीची आहे की एजन्सीची, हे सगळं यायला हवं. एचआरकडून 'टू हूम सो एव्हर' छापाचं दोन ओळींचं पत्र येतं, त्यात पाचपैकी दोन गोष्टी असतात. नवऱ्याला सांगा की मजकूर स्वतः लिहून एचआरला द्यायचा, फक्त लेटरहेडवर घ्यायचा.

मासिक पगारावर असलेल्या माणसाचा आकडा त्या सहा महिन्यांतल्या सगळ्यात कमी पातळीवर धरतात, सरासरीवर नाही. आणि तुमचं लग्न डिसेंबरात झालं. तीन आठवडे पुण्यात राहायला नवऱ्याने बिनपगारी रजा घेतली होती का? घेतली असेल तर त्या महिन्याची स्लिप २,२०० ऐवजी हजार-बाराशेची असेल, आणि तो महिना सहा महिन्यांच्या खिडकीत आला तर तोच आकडा धरला जाण्याचा धोका आहे. उपाय सोपा आहे, थांबायचं. जानेवारी ते जून या सहा स्लिप पूर्ण झाल्या की जुलैत अर्ज करा. मेहंदी-हळदीच्या गडबडीत हे कोणाच्या डोक्यात येत नाही. ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांनी नवऱ्याला भरपगारी सुट्टी शिल्लक ठेवायला सांगावं.

स्लिप आणि स्टेटमेंट पैशापैशाने जुळली पाहिजेत. स्लिपवर नेट पे १,८४० आणि खात्यात १,७९० जमा, तर मधले पन्नास कुठे गेले याचा कागद हवा. सगळे कागद अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांपर्यंतचे ताजे हवेत. म्हणजे शेवटची स्लिप आणि शेवटचं स्टेटमेंट २८ दिवसांहून जुनं झालं की पुन्हा नवं काढायचं. परदेशातून करताना अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाईन फी भरल्याची तारीख, पुण्यातल्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीत) जायची नव्हे. तिथे बोटांचे ठसे आणि फोटो होतात, काउंटरवरचा मुलगा तुमच्या पैशांबद्दल काहीही ठरवत नाही. त्याने "कागद ठीक आहेत" म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

नवरा नोकरी बदलायचा विचार करतोय असंही तुम्ही लिहिलंय, ३२,००० ची. चांगलंच आहे, पण "ऑफर लेटर आलं की लगेच अर्ज" हे होत नाही. सहा महिने पूर्ण नसतील तर कॅटेगरी बी लागते, आणि तिला दोन कसोट्या आहेत: आजचा पगार किमान २९,००० हवा, शिवाय मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेला एकूण पगारही २९,००० हवा. भाडं बाजूला ठेवून नुसत्या पगारावर करून बघा. नव्या नोकरीत तीन महिने झाले: जुन्या नऊ महिन्यांचे १९,८०० आणि नव्या तिनाचे ८,०००, मिळून २७,८००. नापास. चार महिन्यांनी २८,२६७. पाच महिन्यांनी २८,७३३. सहाव्या महिन्यानंतर तो कॅटेगरी ए मध्ये जातो आणि मागच्या वर्षाची कसोटीच उरत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत नोकरी बदलली तर सहा स्लिपांपर्यंत थांबणं हाच सरळ रस्ता, आणि मग भाड्याचीही गरज नाही. भाड्याच्या जोरावर आत्ता अर्ज करायचा असेल, तर व्हिसा हातात येईपर्यंत त्याने आहे तिथेच राहावं.

आता वडिलांचे पंचवीस लाख. "मी खर्च करीन" असं वडिलांचं हमीपत्र या टप्प्यावर मोजत नाहीत. अगदी अपवादात्मक परिस्थितीतच अशा तिसऱ्याच्या मदतीकडे बघतात, आणि त्या वाटेने सुरुवात करायची नसते. पण तेच पैसे त्यांनी तुम्हाला बक्षीस दिले, तुमच्या खात्यात सहा महिने राहिले आणि तुमच्या ताब्यात असले, तर ती तुमची बचत होते आणि बचत मोजतात. म्हणून म्हटलं, वडिलांचं अर्धं ऐका.

बचतीचं सूत्र विचित्र आहे. पहिले १६,००० पौंड मोजतच नाहीत. त्याच्या वरची रक्कम अडीचने भागायची, आलेलं उत्तर वार्षिक उत्पन्न म्हणून मिळवायचं. अडीच कारण व्हिसाचा हिशोब अडीच वर्षांचा. पगार शून्य धरला तर ८८,५०० पौंड लागतात, आजच्या दराने कोटीच्या घरात. तुमच्या २,६०० च्या तुटीला अडीचने गुणा, ६,५००, त्यात १६,००० मिळवा: २२,५०० पौंड. ११५ ने पंचवीस लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. म्हणजे नुसत्या बचतीवर जायचं तर वडिलांचे पंचवीस लाख थोडक्यात हुकतात.

मग ते कशाला? भाड्याला आधार म्हणून. वर दाखवलेली ३४ पौंडांची तूट आठवा. ती बचतीने भरायची तर ३४ पौंड पुरत नाहीत, १६,०८५ पौंड लागतात. १२० च्या दराने एकोणीस लाख तीस हजार. पंचवीस लाखांत ते आरामात बसतात. म्हणून वडिलांना सांगा, रक्कम आत्ताच द्या. जुलैत अर्ज करायचा तर जानेवारीच्या सुरुवातीलाच ती तुमच्या खात्यात हवी. उशीर झाला तर अर्ज तेवढा पुढे ढकला किंवा फक्त भाड्यावर जा. वडील-मुलीतल्या बक्षिसावर भारतात आयकर लागत नाही. एक साधं गिफ्ट डीड करा, पैसे बँकेतूनच द्या, आणि अर्जात पैशांचा स्रोत सांगणारं तुमचं निवेदन जोडा. उसने पैसे चालत नाहीत, आणि "नंतर परत दे" असं डीडमध्ये कुठेही डोकावू देऊ नका. खरंच परत द्यायचे असतील तर ते कर्ज आहे, मग हा मार्ग नाही. एजंटची 'दोन महिने फिरवू' ही योजना याच कारणाने कचऱ्यात टाका. सहा महिन्यांतली सगळ्यात कमी शिल्लक बघतात, आणि खोटेपणा सापडला तर पुढच्या प्रत्येक अर्जात तो उत्तर मागतो.

पैसे ठेवायचे कसे, यातही आपल्या सवयी आड येतात. खातं तुमच्या, नवऱ्याच्या किंवा तुम्हा दोघांच्या नावे हवं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून बाबांचं नाव जोडू नका, नॉमिनी म्हणून ठेवा. एफडी चालते, मुदतीआधी मोडता येत असली तर. दंड लागला तरी हरकत नाही. कर वाचवणारी पाच वर्षांची एफडी मात्र मोडताच येत नाही, आणि पीपीएफलाही कुलूप असतं, ती दोन्ही सोडून द्या. एफडीचं नूतनीकरण सहा महिन्यांच्या मध्ये येत असेल तर जुना-नवा नंबर जोडणारं पत्र बँकेकडून घ्या, नाही तर कागदावर पैसे मध्येच गायब झालेले दिसतात. ऑनलाईन काढलेल्या स्टेटमेंटवर प्रत्येक पानाला बँकेचा शिक्का, किंवा ती खरी असल्याचं लेटरहेडवरचं पत्र. शाखेत "फक्त पहिल्या पानावर मारतो" म्हणतील. हटून बसा. पैसे यूकेला पाठवायची गरज नाही, पुण्यातल्या खात्यात राहिले तरी मोजतात.

तुमच्या स्वतःच्या नावे म्युच्युअल फंड असतील तर ते वडिलांच्या पैशांपेक्षा लवकर कामी येतील. युनिट म्हणून ते धरत नाहीत, पण विकून पैसे खात्यात आणले आणि ती गुंतवणूक आधीचे सहा महिने तुमचीच होती हे दाखवलं, तर नव्याने सहा महिने थांबावं लागत नाही. सहा महिन्यांपूर्वीची किंमतही पुरेशी दिसली तर बरं. फ्लॅट किंवा जमीन विकली तरी असंच, मालकी आधीपासून तुमची हवी आणि कर्ज फेडून उरलेली रक्कम धरतात. अर्थात कागदावर दिसणारी. व्यवहार साठचा आणि खत पंचेचाळीसचं असेल, तर वरचे पंधरा या फाईलपुरते अस्तित्वात नाहीत.

नवऱ्याचा साइड बिझनेस असेल किंवा तो काकांच्या छोट्या कंपनीत पगारावर असेल तर मला आधी कळवा. घरच्या कंपनीचा पगार वेगळ्या नियमाने मोजतात, आणि स्वयंरोजगाराच्या उत्पन्नाबरोबर बचत जोडता येत नाही. अशा फायलींना, किंवा आधी नकार आलेला असेल तर, तिथला सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागारच गाठा. एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, लगेच विषय बदलेल.

खर्चाचीही कल्पना असू द्या. एप्रिल २०२५ मध्ये परदेशातून करायच्या अर्जाची फी १,९३८ पौंड झाली, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे पहिल्या ३३ महिन्यांच्या व्हिसाला ३,१०५. नकार आला तर अधिभार परत मिळतो, फी नाही. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून भरण्याआधी सरकारी पान बघाच. ३३ महिन्यांनी मुदतवाढ घेताना उत्पन्न पुन्हा दाखवावं लागेल, पण तोवर तुम्ही तिथे नोकरी करत असाल आणि तेव्हा तुमचा पगारही मोजतील.

या आठवड्यात तीन गोष्टी करा: इंडेक्स टू वर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, गेल्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये भाड्याच्या नोंदी हायलाइट करा आणि नवऱ्याकडून डिसेंबरची पे-स्लिप मागवा. त्या स्लिपवर कर कापण्याआधीचा आकडा २,२०० पेक्षा कमी असेल तर जुलैच्या आधी फी भरू नका.